चौथीची कीटक-सहल: लालबाग ते धारावी, जुलै ते ऑक्टोबरच्या नोंदी

मी लालबागमधल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते. पटावर ४६ मुलं आहेत, बहुतेक चाळीत आणि नव्या टॉवरच्या पुनर्वसन इमारतीत राहणारी. परिसर अभ्यासात ‘अधिवास’ हा शब्द येतो, मुलं तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. म्हणून यंदा कीटक आणि त्यांच्या राहायच्या जागा प्रत्यक्ष दाखवायच्या ठरवल्या. वहीतल्या नोंदी इथे जवळजवळ जशाच्या तशा उतरवल्या आहेत. दुसर्‍या कुणा शिक्षकाला हे करायचं असेल तर आमच्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत.

१ जुलै २०२४, सोमवार

मुख्याध्यापिका बाईंकडे विषय काढला. त्यांचा पहिला प्रश्न, ‘किती लांब?’ बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान मनात होतं, पण लालबागहून बसने जाऊन-येऊन मुलांचे तीन-साडेतीन तास रस्त्यातच जातील. गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथेही अंतराचा तोच प्रश्न. शेवटी महाराष्ट्र निसर्ग उद्यान ठरलं. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस डेपोसमोर, मिठी नदीच्या काठाला. एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकत. तो बंद झाल्यावर सुमारे ३७ एकरांवर माणसांनी लावून वाढवलेलं हे रान १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलं. मला ही गोष्ट मुलांना सांगायचीच होती: झाडं आधी आली आणि किडे मागून आपणहून आले, त्यांना कुणी आणून सोडलं नाही.

तारीख सप्टेंबरअखेर धरली. जुलैत पाऊस फार, आणि नोव्हेंबरपर्यंत गवत सुकायला लागतं. पाऊस ओसरत असताना मुंबईत किडे सगळ्यांत जास्त दिसतात.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस. रूळ पाण्याखाली, शाळेला सुट्टी. आज पालकसभा होती, तीही गेली.

१३ जुलै, शनिवार

क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवरून २४ भिंगं आणली, प्लास्टिकची, ४० रुपयांना एक. एकूण ९६०. काचेची चांगली होती, पण किंमत तिप्पट. ही बचत चुकली. मुलांनी ती दप्तरात कंपासपेटीशेजारी टाकली आणि दोन आठवड्यांत सात भिंगांवर इतके ओरखडे पडले की आरपार दिसेना. आता प्रत्येक भिंगाला जुन्या मोज्याचं कव्हर केलं आहे. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

भिंग धरायचं कसं हेही शिकवावं लागतं. मुलं भिंग किड्यावर धरतात आणि स्वतः लांबून बघतात, मग धूसर दिसतं म्हणून कंटाळतात. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू हळूहळू भिंगाजवळ आणायची, किंवा वस्तू हलवता येत नसेल तर आपणच वाकायचं. सरावासाठी वर्तमानपत्रातला फोटो दिला. त्यातले रंगीत ठिपके दिसले की समजायचं, जमलं. एक तास गेला, पण हा तास वाया गेलेला नाही.

३० जुलै, मंगळवार

संमतीपत्रं वाटली होती. ४६ पैकी ९ परत आली नाहीत, तीन आयांनी शाळेत येऊन नकार दिला. कारण माझ्याच वाक्यात होतं. मी लिहिलं होतं, ‘मुले विविध कीटक पकडून त्यांचे निरीक्षण करतील.’ डेंग्यूच्या दिवसांत हे वाचून कोण सही करणार? पत्र बदललं. ‘कीटक हातात घेतले जाणार नाहीत, जागेवरच पाहिले जातील. पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, बूट.’ खाली एक ओळ वाढवली: पूर्वी मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंगी चावून पाल्याला सूज आली होती का, दम लागला होता का? या ओळीमुळेच कळलं की एका मुलाचा चेहरा गांधीलमाशीने पूर्वी सुजला होता. त्याच्या आईला सहलीला सोबत घ्यायचं ठरलं. बाकीच्या सह्या दोन दिवसांत आल्या.

१० ऑगस्ट, शनिवार

सरावाची फेरी शाळेजवळच्या बागेत केली. आज जे झालं ते मनाला लागलं आहे.

मी वीस किड्यांची चित्रं असलेला कागद दिला होता, दिसेल त्यावर खूण करायची. घरून काचेच्या बरण्याही आणायला सांगितल्या होत्या, कारण मला स्वतःला वाटत होतं की जवळून बघायला बरणी लागतेच. पत्र बदललं तरी हा विचार माझ्या डोक्यातून गेला नव्हता. तासभर मुलं नुसती पळत होती. कागदावर खुणा करायची शर्यत लागली. एकतीस कागदांवर ‘काळं फुलपाखरू’ अशी नोंद आणि पुढे काही नाही. ते कुठे बसलं होतं, काय करत होतं, कुणालाच सांगता आलं नाही.

बरण्या सतरा होत्या. झाकणं घट्ट लावून मुलांनी त्या बाकावर ठेवल्या आणि खेळायला गेली. ऊन आलं. मी पाणी पाजायच्या गडबडीत होते. परत येऊन बघितलं तर आतून वाफ धरलेली आणि नऊ बरण्यांतले किडे मेलेले: नाकतोडे, एक टाचणी (चतुरासारखा बारीक किडा), दोन भुंगेरे. एक मुलगी बरणी उघडून नाकतोड्याला फुंकर घालत बसली होती. ‘बाई, तो उठेल ना?’ तिने दोनदा विचारलं. मी तिला खरं सांगितलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

वर्गात बसून नियम ठरवले, मुलांनीच. बरणी नाही. पकडायचं नाही. जाळी नाही. उचलावंच लागलं तर चित्रकलेच्या मऊ ब्रशने, आणि मिनिटाभरात होतं तिथेच परत.

चित्रांचा कागद फाडून टाकला. यादी दिली की मुलांचं लक्ष यादीकडे राहतं, किड्याकडे जात नाही. त्या जागी काय द्यायचं ते अजून सुचलेलं नाही.

दुपारी शिपाई काकांनी हाक मारली. मागच्या जिन्याजवळ त्यांनी तेलाच्या जुन्या ड्रममध्ये कढीपत्ता लावला आहे. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी होतं. भिंगातून बघितलं तर हलत होतं. कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या दोन लहान अळ्या. लिंबू, कढीपत्ता अशा झाडांवर हे फुलपाखरू अंडी घालतं. राज्याचं फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये जाहीर झालेलं ब्ल्यू मॉरमॉन याचं भावंड, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. लांब जायच्या आधी शाळेतच विषय सापडला.

याच उत्साहात पाण्यातले किडे येतील म्हणून गच्चीवर एक पसरट घमेलं पाण्याने भरून ठेवलं. त्याचं पुढे काय झालं ते खाली आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार

एक अळी मेली. वर्गात सगळ्यांना दिसावी म्हणून एक अळी पानासकट डब्यात ठेवली होती, जाळीचं झाकण लावून. काल तिची पाने संपली. शाळा सुटायच्या घाईत मी नाक्यावरच्या भाजीवालीकडून कढीपत्ता घेऊन टाकला. आज सकाळी ती आक्रसून काळी पडलेली. बाजारातल्या पाल्यावर फवारणी झालेली असू शकते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची पानं द्यायची, नाहीतर तिला तिथेच राहू द्यायचं.

दुसरी अळी झाडावरच ठेवली. चिमण्या आणि गांधीलमाश्या नेऊ नयेत म्हणून मच्छरदाणीच्या तुकड्याची पिशवी करून ती फांदी बांधली. आता रोज चारचार मुलं मधल्या सुट्टीत जिन्यावर जातात.

१७ ऑगस्ट, शनिवार

अळी रात्रीतून हिरवी झाली! कात टाकल्यावर शिटेचा वेष गेला आणि पानात मिसळून जाणारा हिरवा अंगरखा आला. एका मुलाने ब्रशने हलकेच टोचलं तर डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. सगळी मागे सरली आणि लगेच पुढे आली.

मग तो प्रश्न आला. कीटकाला पाय किती, हे मी जूनमध्येच फळ्यावर लिहून दिलं होतं: सहा. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी हात वर करत नाही, म्हणाला, ‘बाई, हिला सोळा आहेत.’ मी म्हटलं, पुन्हा मोज. त्याने पुन्हा मोजले. सोळाच. पुढचे सहा टोकदार, खरे पाय. मागचे दहा मऊ, गादीसारखे, पकड घ्यायला. अळीचं फुलपाखरू होताना हे मागचे दहा राहत नाहीत. मला हे वाचून माहीत होतं, पण शिकवताना मी सोपं करून ‘सहा’ एवढंच सांगितलं होतं. फळ्यावरचं वाक्य त्यालाच दुरुस्त करायला लावलं. त्याने लिहिलं, ‘मोठ्या कीटकाला सहा पाय. लहानपणी मोजून बघा.’

२१ ऑगस्ट, बुधवार

गच्चीवरचं घमेलं मी विसरले होते. आज मदतनीस मावशींनी मला बोलावून नेलं. पाण्यात शेकडो डासांच्या अळ्या वळवळत होत्या, डोकं खाली आणि शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठाला टेकवून. नऊ दिवसांत काही अळ्यांचे कोषसुद्धा झाले होते. ज्या दिवसांत अख्खी मुंबई साठलेलं पाणी ओतून देते, त्या दिवसांत शाळेच्या गच्चीवर मी डास वाढवत होते. पाणी लगेच तापलेल्या कोरड्या लादीवर ओतलं, गटारात नाही, म्हणजे अळ्या वाचणार नाहीत. घमेलं घासून उपडं घातलं.

ओतण्याआधी मात्र एक ग्लास पाणी वर्गात नेऊन दाखवलं. त्या संध्याकाळी मुलांनी आपापल्या मजल्यावरच्या गॅलर्‍या तपासल्या. दुसर्‍या दिवशी अकरा जणांनी सांगितलं की घरच्या पिंपात किंवा कुंडीखालच्या ताटलीत ‘तेच’ होतं आणि त्यांनी ते ओतलं. पाण्याचं निरीक्षण करायचं असेल तर सात दिवसांच्या आत भांडं रिकामं करा, कोरडं करा. त्याला पर्याय नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

या सगळ्या कामातला सगळ्यांत मोठा धडा आज मिळाला.

काल अळीने कोष केला. कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून ती देठाला टेकली आहे. मुलांना म्हटलं, हिचा अधिवास लिहा. पेनं थांबली. मग मी म्हटलं, बरं, हिला पत्र पाठवायचं आहे, पत्ता लिहा. आणि वर्ग लिहायला लागला. एका मुलीचा कागद असा:

‘कु. अळी, ड्रम नंबर १, कढीपत्ता, तिसरी फांदी, तळमजल्यापासून दुसरा मजला, पानाच्या खालच्या बाजूला, सकाळी ऊन येते, शेजारी मुंग्या राहतात, जिन्यामागे, लालबाग.’

चाळीतल्या मुलांना पत्ता म्हणजे काय हे नीट ठाऊक असतं. मजला, खोली, शेजारी, ऊन कुठून येतं, पाणी कधी येतं. ‘अधिवास’ म्हणून मला जे शिकवायचं होतं ते सगळं त्यात आहे. चित्रांच्या यादीऐवजी आता पत्त्याचा कागद द्यायचा: कोण, कुठल्या झाडावर, कितव्या मजल्यावर, पानाच्या वर की खाली, ऊन की सावली, शेजारी कोण, काय खातो.

दुसरा बदल: पळापळ थांबवायला दोरी. तीन मीटर दोरीची दोन टोकं बांधली की साधारण एक मीटर रुंदीचं वर्तुळ होतं. एका गटाला एक वर्तुळ आणि चाळीस मिनिटं. वर्तुळाबाहेर जायचं नाही. शाळेच्या मैदानात कडेच्या गवतावर करून बघितलं. पहिली सात-आठ मिनिटं ‘इथे काहीच नाही’ अशी कुरकुर, आणि मग एकेक दिसू लागतं. जागा जेवढी लहान तेवढं जास्त दिसतं.

२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी शिपाई काकांनी शाळा उघडली तेव्हा कोष फुटलेला होता. फुलपाखरू बाहेर येऊन पंख वाळवत होतं. अकरा दिवसांनी. मुलं येईपर्यंत त्यांनी मच्छरदाणी उघडली नाही. सव्वासातला सगळे जिन्यावर. पिशवी सोडल्यावर ते आधी ड्रमच्या कडेवर बसलं. मग एका मुलीच्या रिबिनीवर, आणि मग पत्र्यावरून गेलं. त्याचे पाय मोजले होते. सहा.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. लालबागमध्ये या दिवसांत बस काय, सायकलही हलत नाही. दक्षिण मुंबईतल्या शाळांनी सहलीच्या तारखा काढताना हे दिवस आधीच खोडून टाकावेत.

२० सप्टेंबर, शुक्रवार

एकटी उद्यानात जाऊन आले. पाहणी न करता मुलांना कुठेही नेऊ नका. सकाळी आठला पोचले, तासभर फुलपाखरं जवळजवळ नव्हती. नऊ-सव्वानऊनंतर ऊन तापलं तशी निघाली. म्हणून वेळ बदलून साडेनऊ ते साडेबारा केली. आठ वर्तुळांच्या जागा ठरवल्या: दोन तळ्याजवळ पण काठापासून लांब, दोन दाट सावलीत, दोन उघड्या गवतात, एक कुजलेल्या ओंडक्यापाशी, एक फुलांच्या झुडपांजवळ. जांभळाच्या एका फांदीवर लाल मुंग्यांचं घरटं दिसलं, ते वाटेपासून किती लांब आहे हे पावलांनी मोजलं. स्वच्छतागृह, पाणी आणि डबा खायची जागाही लिहून ठेवली.

२५ ते २७ सप्टेंबर

सहल २७ला होती. २५च्या संध्याकाळी असा पाऊस कोसळला की लोकल थांबल्या, आणि २६ला शाळांना सुट्टी जाहीर झाली. सहल रद्द केली. बसवाल्याने आगाऊ दिलेले २,००० रुपये परत केले नाहीत, ‘पाऊस माझ्या हातात नाही’ म्हणाला. पावती होती, पण पावसामुळे तारीख बदलली तर काय, हे त्यावर लिहून घेतलेलं नव्हतं. नवी बस, ८,५०० रुपये, अर्धा दिवस. या वेळी अट लिहून घेतली.

४ ऑक्टोबर, शुक्रवार: सहलीचा दिवस

बस पावणेआठला निघणार होती, आठ-दहाला निघाली. शीव स्थानकाजवळचा उड्डाणपूल १ ऑगस्टपासून वाहतुकीला बंद होता, सगळी गाडी-गर्दी दुसर्‍या रस्त्यांवर. पोचायला सव्वा तास. मी अर्ध्या तासाचा हिशेब धरला होता. नऊ पंचवीसला आत. वेळ हातची गेली नाही ती केवळ साडेनऊची वेळ ठरवल्यामुळे.

४६ मुलं, आठ गट, सहाचे सहा आणि पाचाचे दोन. तीन शिक्षक, चार पालक, मावशी. म्हणजे दर गटाला एक मोठं माणूस.

आत शिरल्याशिरल्या कचर्‍याची गोष्ट सांगितली. एका मुलाने पायाने माती उकरून बघितली. बराच वेळ बघत राहिला.

वर्तुळं टाकली. पहिली दहा मिनिटं अवघड गेली, दोन गट उठून फिरायला लागले, पालकांनाच कंटाळा आला होता. मोठ्यांनाही आधी सांगून ठेवायला हवं की काही न दिसणं हा कामाचा भाग आहे. मग तिसर्‍या गटातून कुजबुज ऐकू आली.

ओंडक्याचा गट. ओंडका आपल्याकडे ओढून उचलायचा, म्हणजे खालचं जे काही असेल ते पलीकडे पळतं, आपल्या पायांवर येत नाही; हे शिकवलं होतं. खाली वाळवी, एक गोम, तीन पैसा किडे. ‘पैसाला मोजता येत नाहीत एवढे पाय, म्हणजे तो कीटक नाही,’ हे एकीने दुसरीला सांगितलं. बघून झाल्यावर मात्र ओंडका तसाच उताणा राहिला. मी परत फिरताना बघितला आणि त्यांना बोलावून पालथा घालायला लावला. वाळवीचं घर उघडं पडलं होतं, मुंग्या पोचल्याही होत्या.

झुडपांच्या गटाने छत्री वापरली. पावसाळी छत्री उलटी धरायची, वर फांदी हलकेच दोनदा हलवायची. पानांवरचे किडे छत्रीत पडतात. शाळेत हे काळ्या छत्रीत केलं तेव्हा काहीच दिसलं नव्हतं, काळ्यावर काळे किडे. म्हणून आतून पांढरं मांजरपाट टाचलं होतं, तीन मीटर, २७० रुपये. आज त्यात एक हिरवा ढालकिडा, कोळ्याची तीन पिल्लं, एक प्रार्थनाकीटक, तोही नखाएवढा. बघितले आणि छत्री झुडपावर उपडी केली.

इथेच दुसरा पायांचा प्रश्न आला. फुलावर कॉमन क्रो फुलपाखरू बसलं होतं, तपकिरी-काळं, कडेला पांढरे ठिपके. तोच मागच्या बाकावरचा मुलगा पोटावर झोपून भिंगातून बघत होता. ‘बाई, याला चारच आहेत.’ या वेळी मी ‘पुन्हा मोज’ म्हटलं नाही, त्याच्याशेजारी झोपले. चारच दिसत होते. या कुळातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी ब्रशासारखे दुमडलेले असतात, चालायला वापरत नाहीत. तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे आहेत, पण खिशात.’ त्याने तसंच लिहिलं आहे.

साडेदहाला जांभळाकडे सगळे गट आळीपाळीने. दोन हात लांब उभं राहायचं, झाडाला टेकायचं नाही. सिंधुदुर्गातल्या आमच्या मावशी लांबूनच म्हणाल्या, ‘हुमले! हात लावू नका रे.’ त्यांच्या गावाला काजूच्या बागेत याच लाल मुंग्या चावतात. नशीब असं की घरट्याच्या एका बाजूची दोन पानं सुटली होती आणि मुंग्या ती ओढून आणत होत्या. वीस-पंचवीस मुंग्या एका पानाची कड जबड्यात धरून आणि मागचे पाय दुसर्‍या पानावर रोवून ताणत होत्या. फट मोठी होती तिथे मुंगीने मुंगीची कंबर धरून साखळी केली होती. मग आतून एक मुंगी आली, तोंडात पांढरी अळी. ती अळी या कडेवरून त्या कडेवर, पुन्हा या कडेवर अशी टेकवत होती, आणि प्रत्येक वेळी मागे एक चमकणारा धागा राहत होता. अळीच्या तोंडातलं रेशीम. मोठ्या मुंगीला रेशीम येत नाही, म्हणून पानं शिवायला ती बाळाला घेऊन येते. ‘बाळाला कामाला लावलं!’ एक मुलगी ओरडली आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला. अकरा मिनिटं कुणी हललं नाही. मी घड्याळ लावलं होतं.

एक अपघात. परतताना एका मुलाने कुंपणावरचा केसाळ सुरवंट बोटाने ढकलला. मनगटावर लाल पुरळ. चोळू दिलं नाही. चिकटपट्टी हलकेच लावून ओढली, चारपाच वेळा, म्हणजे केस निघतात. मग साबणाने धुतलं. अर्ध्या तासात कमी झालं. प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्टी ठेवलीच पाहिजे. गांधीलमाशीची अडचण असलेल्या मुलाच्या आईला शेवटपर्यंत त्याच्यामागे राहायला सांगितलं होतं, त्याला काही झालं नाही.

डबे खाताना तळ्यावर चतुर फिरत होते. बसल्यावर पंख पसरलेले तो चतुर, मिटलेले ती टाचणी. गवताच्या काडीला चतुराची वाळलेली कात मिळाली, पाठीवर चीर पडलेली. पकडायचं नाही या नियमात ती बसते का, यावर मुलांची चर्चा झाली आणि घर सोडून गेलेल्याची वस्तू म्हणून ती घ्यायची ठरली.

५ ऑक्टोबर, शनिवार

पत्त्यांचे कागद तपासले. १०३ पत्ते. त्यातले २० तरी किडे मला ओळखता आले नाहीत. तिथे नाव न लिहिता चित्र आणि पत्ता तसाच ठेवला. मुलं नाव विचारत होती, पण पत्ता नीट असेल तर तो किडा पुन्हा सापडतो, नाव नंतर शोधता येतं.

पत्त्यांवरून भिंतीवर एक मोठं झाड काढलं. तळमजल्यावर वाळवी, पैसा, मुंग्या, मधल्या मजल्यांवर अळ्या, ढालकिडे, वर हुमले, आणि झाडाबाहेर हवेत चतुर.

९ ऑक्टोबर, बुधवार: हिशेब

बस ८,५००. बुडालेले आगाऊ २,०००. भिंगं ९६०. मांजरपाट २७०. बारा ब्रश १८०. झेरॉक्स ३६८. दोरी १५०. प्रथमोपचार आणि ओआरएस ३४०. एकूण १२,७६८ रुपये. मुलांकडून प्रत्येकी २२० प्रमाणे १०,१२० जमले होते. २,६४८ कमी पडले, त्यातले २,००० तर लिहून न घेतलेल्या अटीचे. पालक संघाने भरून दिले. उद्यानाचं प्रवेशशुल्क शाळेने वेगळं भरलं, ते यात नाही. जाण्याआधी सध्याचा दर आणि वेळ फोनवर विचारून घ्या.

माझा वेळ: तयारीचे साधारण चाळीस तास. त्यातले दहा-बारा १० ऑगस्टच्या फेरीत आणि ती निस्तरण्यात गेले.

पुढच्या वर्षी भिंगं निम्मीच पण काचेची. वर्तुळात चाळीसऐवजी पन्नास मिनिटं. आणि कढीपत्त्याशेजारी आणखी एका ड्रममध्ये कागदी लिंबू, रोप शिपाई काकांनी गावाहून आणायचं कबूल केलं आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्यापासून परीक्षेची तयारी, मग दिवाळीची सुट्टी. मधल्या सुट्टीत ती नाकतोड्याला फुंकर घालणारी मुलगी मला जिन्यामागे घेऊन गेली. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर तीन पिवळसर अंडी, टाचणीच्या डोक्याएवढी, वेगवेगळ्या पानांवर. तिने पत्ता लिहूनच आणला होता. सुट्टीत ड्रमला पाणी कोण घालणार, हे तिचं विचारणं होतं. जवळ राहणार्‍या सहा मुलांच्या पाळ्या लावल्या, दोन दिवसांना एक. ड्रमवर तिने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘पाणी मुळाशी घाला. वरच्या मजल्यावर बाळं आहेत.’